पांडूची पहिली आंघोळ

"तेजू! अगं ए तेजू! धाव लवकर, तुझी पोरं एकमेकांच्या जिवावर उठलीत!"

नरक चतुर्दशीची सकाळ होती. न्हाऊन, ओले केस टॉवेलात गुंडाळून मी फराळाच्या ताटाशी नुकतीच टेकले होते. चकलीचा पहिला तुकडा तोंडात गेला न गेला तोच शालनआत्याची ही हाक आली. चकली तिथेच टाकून मी पडवीत पळाले.

काचेच्या पेटीत करड्या केसांचा एक गोळा गडगडत होता. खंडू कुठला, धोंडू कुठला आणि पांडू कुठला, काही समजायला मार्ग नव्हता. भुसा उडत होता, किंचाळणं काळीज चिरत होतं. हात घातला तर बोट जायचं, म्हणून मी दाराआडचं केराचं सूप उचललं आणि गोळ्यात खुपसलं. तेव्हा कुठे पांडू सुटला आणि कोपऱ्यात जाऊन थरथरत बसला. त्याच्या शेपटीच्या बुडाशी रक्त होतं. मी त्याला बादलीत टाकलं आणि वर ताट झाकलं.

हे तिघे जर्बिल. आमच्या साखर कारखान्याच्या कॉलनीत 'खराड्यांच्या पोरीनं उंदीर पाळलेत' अशीच त्यांची ख्याती होती. ते उंदीर नव्हेत, वाळवंटातले प्राणी आहेत, शेपटीला झुपका बघा, असं मी ज्याला त्याला सांगून दमले होते. कोल्हापूरच्या मैत्रिणीने मला एका वेताचे तीन सख्खे भाऊ दिले होते. तिने बजावलं होतं, "हे एकटे राहत नाहीत आणि परक्याला घरात घेत नाहीत. भाऊ-भाऊ आहेत तोवर सुखाने नांदतील." नांदतही होते. तिघे एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपायचे, एकमेकांचे कान साफ करायचे. दोन सख्ख्या भावांनी तिसऱ्याला फाडायला उठावं असं काय घडलं, ते मला कळेना.

"आत्या, काय झालं? तू काही केलंस का?"

आत्या भिंतीला टेकून उभी होती. तिच्या पायाशी पाट होता, पाटाभोवती चिमूटभर रांगोळी होती आणि पाटावर पितळेची परात होती. परातीत उटणं होतं.

"तूच म्हणालीस ना गं, ही पाण्यानं न्हात नाहीत, वाळूत लोळतात," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "म्हटलं, सणासुदीला मेली वाळू कसली? पहिली आंघोळ आहे. कोरडं उटणं दिलं. पांडूच तेवढा हातावर येतो, म्हणून त्याला आधी घेतलं. कसा लोळला बघायला हवं होतंस! ओवाळलं पण मी त्याला. आणि परत सोडला तर हे..."

मी बादलीतल्या पांडूला हुंगलं. कापूरकाचरी, वाळा, नागरमोथा! आमच्या घरातल्या सगळ्यांच्या अंगाला त्या सकाळी येत होता तोच वास त्याच्या अंगाला होता. फक्त त्याच्या स्वतःच्या घरात तो कुणाच्याच अंगाला नव्हता. जर्बिलांना डोळ्यांची ओळख पुरत नाही. वास आपला तर माणूस आपला, नाही तर चोर.

त्यात आदल्या दिवशी आईने दिवाळीच्या साफसफाईत पेटी रिकामी करून साबणाने लखलखीत धुतली होती. पेटी साफ करताना जुन्या भुशातला मूठभर भुसा परत टाकायचा असतो, म्हणजे घराचा वास टिकतो. आईला हे ठाऊक नव्हतं, आणि मी क्लासहून येईपर्यंत जुना भुसा उकिरड्यावर गेला होता. म्हणजे घराला वास नाही अशा बिथरलेल्या भावांमध्ये हा अत्तराचा पाहुणा जाऊन उतरला होता.

आई स्वयंपाकघराच्या दारात आली. परातीकडे, रांगोळीकडे आणि सुपाकडे तिने बघितलं.

"तेजू, आत्याला सांग, ती परात देवाच्या कामाची आहे," ती म्हणाली आणि आत गेली.

आत्या हातभर अंतरावर उभी होती, तरी आईने निरोप माझ्याकडे दिला. असं गेले दोन-तीन दिवस चाललं होतं. त्याचं मूळ वसुबारसेच्या संध्याकाळी होतं.

आत्या दरवर्षी दिवाळीला यायची. भाऊबीज झाली की तिचे यजमान, आमचे बापूमामा, न्यायला यायचे. त्या वर्षी ती एकाऐवजी दोन बॅगा घेऊन आली. आल्या आल्या तिने बाबांसमोर बसून सांगितलं, "दादा, मी आता परत जाणार नाही."

बाबा कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. उसाच्या रसाची परीक्षा करण्यात जन्म गेला होता, त्यामुळे कुठलीही गोष्ट नळीत धरून बघितल्याशिवाय ते मानत नसत. त्यांनी विचारलं, "मारतात?"

"नाही."

"जेवायला-खायला?"

"सगळं आहे."

"मग?"

आत्याने बराच वेळ पदराचं टोक पिळलं.

"दिवाळी तोंडावर आलीय," बाबा म्हणाले. "भाऊबीज होऊ दे. दाजी येतील, बसून बोलू. इतक्या वर्षांचा संसार असा टाकून येतात होय?"

तेव्हापासून आई आत्याशी बोलेनाशी झाली. 'आत्याला विचार, चहा घेणार का', 'आत्याला सांग, पाणी तापलंय'. अडीच खोल्यांच्या त्या क्वार्टरमध्ये मी सणाच्या दिवसांत पोस्टमनची नोकरी करत होते.

दुपारी पाळी संपवून बाबा आले. त्यांना मी पांडूचा पराक्रम सांगितला आणि पेटीच्या मधोमध बसेल अशी लोखंडी जाळी मागितली. प्लॅस्टिकची हे कुरतडून टाकतात. बाबांना असली कामं आवडायची. वर्कशॉपमधून तुकडा आणून, कडा ठोकून त्यांनी तासाभरात जाळी बसवली. एका बाजूला खंडू-धोंडू, दुसऱ्या बाजूला पांडू. आत्या दारावरच्या तोरणासाठी झेंडू ओवत शेजारीच बसली होती.

"आता काय करायचं?" बाबांनी विचारलं.

"रोज दोन-तीनदा त्यांच्या जागा बदलायच्या. ह्यांना तिकडं, त्याला इकडं. एकमेकांच्या अंथरुणात झोपले की वास मुरतो. मग जाळीच्या दोन्ही बाजूंना नाकाला नाक लावून झोपायला लागले की समजायचं, जमतंय."

"किती दिवस?"

"आठवडा तरी. जास्तही लागतील. घाई केली तर परत रक्त निघेल, आणि मग कायमचं तुटेल."

"एवढा खटाटोप!" बाबा हसले. "वेगळा ठेव की त्याला. एक पेटी देतो आणून. खाईल, पिईल, राहील. काय कमी पडणार आहे त्याला?"

"एकटा ठेवला की झुरतो, बाबा. खातो, पितो, पण अंग धरत नाही. कोपऱ्यात बसून राहतो."

आत्याचा हात थांबला. सुई झेंडूत तशीच राहिली.

"दादा, परवा तू विचारलंस ना, मग काय म्हणून," ती खाली बघतच म्हणाली. "माझ्याशी तिथं कुणी बोलत नाही. दोन वर्षं झाली."

"म्हणजे?"

"म्हणजे बोलत नाहीत. थोरल्या दिरांच्या पोराचं लग्न ठरत होतं. पोरगा पितो. मुलीची आई मला एकटीला गाठून म्हणाली, तुम्ही बाईमाणूस आहात, खरं सांगा. मी खरं सांगितलं. लग्न मोडलं. त्या दिवसापासून घरातल्या एकाही माणसानं मला हाक मारलेली नाही. ह्यांनीसुद्धा. भाजी पाहिजे असली की ताटावर बोट वाजवतात. बाहेरचं कुणी असलं तर त्याला सांगतात, तिला म्हणावं हे कर, ते कर. घरात नऊ माणसं आहेत, दादा. मी दुपारी मागच्या दारी जाऊन म्हशीशी बोलते. आवाज आहे का गेला, ते बघायला."

बाबांनी हातातली पक्कड खाली ठेवली. त्यांचा चेहरा उतरला होता, पण नळीत धरून बघायची सवय सुटेना. "अगं, चार दिवस रुसतात माणसं," ते म्हणाले. "तू जरा जास्त मनाला लावून घेत असशील. दाजी माझ्याशी बोलताना तर किती गोड बोलतात."

"तुझ्याशी बोलतात," आत्या म्हणाली आणि झेंडू ओवू लागली.

आई आत करंज्या तळत होती. झारा कढईला लागल्याचा आवाज थांबला होता, एवढं माझ्या लक्षात आलं.

जागा बदलायचं काम आत्याने आपल्याकडे घेतलं. उटण्याचं प्रायश्चित्त म्हणून म्हणा किंवा कसं. पांडूला ओंजळीत घेऊन ती त्याची समजूत काढायची, "जा बाबा, भावांच्या अंथरुणात लोळ. चूक माझी आणि शिक्षा तुला." खंडू-धोंडू आधी जाळीवर दात आपटायचे, मागचे पाय जमिनीवर ठोकून धोक्याचा ढोल वाजवायचे. पाडव्यापर्यंत ढोल कमी झाला. पांडू जाळीला पाठ लावून झोपू लागला.

पाडव्याच्या दुपारी आत्या झोपली असताना आई पेटीपाशी येऊन उभी राहिली.

"जवळ आलेत की गं," ती हळूच म्हणाली.

"आई, तू आत्याशी का बोलत नाहीस?"

तिने पदराने काचेवरचा डाग पुसला. "मला ती नकोय असं नाही, तेजू. पण जागा बघतेस ना? तू बारावीला. उद्या तुझं लग्न काढायचं, तर लोक विचारणार, आत्या का परत आली? हे सगळं पोटात आहे. तोंड उघडलं तर भांडण होईल. सणाचं घर आहे. त्यापेक्षा न बोललेलं बरं."

"तिच्या सासरचेही असंच म्हणत असतील," मी म्हणाले. सतरा वर्षांच्या मुलीची जीभ ती, तिला हाड नव्हतं. आईने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं वाक्य गिळलं.

भाऊबीजेला बापूमामा आले. गावातल्या कुणाची तरी गाडी घेऊन आले होते. पांढराशुभ्र शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. माणूस खरंच गोड. मला बारावीनंतर काय करणार विचारलं, बाबांना गाळप कधी सुरू होणार विचारलं, आईच्या करंजीला "वहिनी, असं सारण आमच्या अख्ख्या गावात होत नाही" म्हणाले. आईसुद्धा खुलली. बाबा हळूहळू सैल होत होते, ते मला दिसत होतं. एवढा सज्जन माणूस, शालनच हळवी, असं त्यांच्या मनात येत असणार. भिंतीशी आत्याच्या दोन्ही बॅगा भरून ठेवलेल्या होत्या. बाबांनीच सकाळी तिला भरायला लावल्या होत्या.

आत्या चहा घेऊन आली. बापूमामांनी ट्रेमधला कप उचलला. तिच्याकडे त्यांनी बघितलं नाही. ट्रे जणू आपोआप चालत आला होता. एक घोट घेतला आणि माझ्याकडे वळून हसत म्हणाले, "तेजू, आत्याला म्हणावं, साखर जरा कमी पडली."

आत्या त्यांच्या गुडघ्याशी उभी होती.

मला निरोप पोचवायची इतकी सवय झाली होती, की मी तोंड उघडलंसुद्धा. बाबांनी माझ्या मनगटाला धरलं.

"थांब तेजू. तिनं ऐकलंय." मग ते बापूमामांकडे वळले. "दाजी, एक विनंती आहे. शालनला न्यायला आलाय ना? मग तिला तसं म्हणा."

"म्हणजे? गाडी आणलीय की."

"गाडी दिसली. तुम्ही तिच्याकडं बघून म्हणा, शालन, चल घरी. एवढंच. तुम्ही म्हणालात आणि ती हो म्हणाली, तर आत्ता मी माझ्या हातानं बॅगा गाडीत ठेवतो."

आत्याने मान वर केली होती. आता इतक्या वर्षांनी सांगते, त्या क्षणी तिच्या तोंडावर आशा होती. त्यांनी नुसतं 'शालन' म्हटलं असतं तरी ती गेली असती. मागचं सगळं पोटात घालून गेली असती. ते बघून मला भीती वाटली.

बापूमामांनी कप खाली ठेवला. कॅलेंडरकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. शब्द वर येत असावा आणि परत खाली जात असावा. घरी जाऊन बाकीच्या माणसांना काय सांगायचं, याचा हिशेब त्यात असेल. मला त्यांची कीवच आली. शेवटी ते माझ्याकडे वळले.

"तेजू, आत्याला म्हणावं, उशीर होतोय. आवर."

आत्याने मान खाली घातली. बाबा उभे राहिले.

"दाजी, चहा संपवा आणि निघा. शालन इथं राहील."

"आमच्या घरात असले नखरे..." बापूमामा सुरू झाले.

"तुमच्या घरात काय चालतं ते आत्ता बघितलं मी," बाबा म्हणाले.

गाडी गेली. बाबा पाटावर बसले आणि आत्याने त्यांना ओवाळलं. निरांजन हलत होतं म्हणून मी ताटाला खालून हात लावला. बाबांनी तबकात साडी ठेवली. "माझं चुकलं, पोरी," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी मानायला हवं होतं." तेव्हा आत्या रडली. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने डोळे पुसले.

आत्या राहिली. पडवीत तिची खाट पडली, जर्बिलांच्या पेटीला लागून. पण आईचे निरोप काही थांबेनात. 'आत्याला सांग, मेथी निवडून ठेवायची आहे.' आता त्यात राग नव्हता, उलट अवघडलेपणा होता. गप्प राहायची एक गाठ बसली की ती सोडायची कुणी, हा प्रश्न असतो. आत्या मुकाट्याने मेथी निवडायची. मागच्या दारी तिला कावळ्याशी बोलताना मी ऐकलं. त्या नऊ माणसांच्या घरातून सुटून ती चार माणसांच्या तसल्याच घरात आली होती. बाबांनी तिला जागा दिली होती, पण त्यांच्याने यापुढचं होण्यासारखं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी जाळी काढायचं ठरवलं. तिघांना आधी कोरड्या टपात सोडलं, कारण तिथे घर कुणाचंच नसतं. आत्याने डोळे घट्ट मिटून घेतले. बाबा सूप धरून तयार उभे. खंडू पुढे आला, पांडूला शेपटीपासून नाकापर्यंत हुंगलं. पांडू चपटा होऊन पडून राहिला. धोंडूने त्याला एक ढुशी दिली, थोडं चीं चीं झालं. मग खंडू त्याचा कान चाटू लागला.

"उघड डोळे, आत्या," मी म्हणाले. ती टपापाशी खाली बसली आणि हसली. "एवढी खेचाखेची चालते ना गं?" तिने विचारलं. "चालते," मी म्हणाले. "रक्त नाही निघालं म्हणजे झालं."

त्या आनंदात असेल, आत्याला कामाचं भरतं आलं. आई बाजारात गेली होती. वहिनी येईपर्यंत स्वयंपाकघर चकचकीत करू, असं म्हणत तिने पदर खोचला. मी पेटी लावण्यात दंग होते, बाबा पेपर वाचत होते. आई आली, पिशवी ठेवून आत गेली, आणि भांडं पडावं तसा तिचा आवाज आला.

"वन्सं! हा बिडाचा तवा तुम्ही घासलात?"

आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या दाराकडे धावलो. आईच्या हातात तवा होता. पिढीजात काळाभोर, तेल पिऊन गुळगुळीत झालेला तो तवा आता करड्या दगडासारखा दिसत होता. आईचा चेहरा लालबुंद झाला होता.

"विटेचा चुरा घेऊन घासला," आत्या अभिमानाने म्हणाली. "केवढं काळं निघालं, वहिनी!"

"ते काळं नव्हतं! माझ्या सासूबाईंच्या हातचं तेल होतं ते! तुमच्याच आईच्या! आता ह्याला धिरडं चिकटेल, घावन चिकटेल, सगळं चिकटेल! तुम्हाला विचारायला काय झालं होतं? तोंड नाही?"

आत्याची मान ताठ झाली. "कुणाला विचारू? तेजूला? घरात येऊन इतके दिवस झाले, तुम्ही एकदा तरी माझ्याकडं बघून बोललात?"

"बोलले असते तर भांडण झालं असतं!"

"मग भांडायचं होतं! आमच्याकडे दर आठवड्याला तवा घासायची पद्धत आहे, इथं घासत नाहीत हे मला काय स्वप्न पडलं होतं?"

"आमच्याकडे म्हणजे कुठं?" आईने तवा ओट्यावर आपटला. "ते गेलं आता! आता हेच तुमचं घर आहे, आणि ह्या घरात बिडाचा तवा घासत नाहीत! कळलं?"

शेजारच्या क्वार्टरची खिडकी उघडल्याचा आवाज आला. बाबा घाबरले. "अगं, हळू, लोक काय म्हणतील," असं म्हणत ते दोघींच्या मध्ये जायला निघाले.

आत्याने हात आडवा करून त्यांना दारातच अडवलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं.

"मध्ये पडू नकोस, दादा," ती म्हणाली. "दोन वर्षांनी कुणीतरी माझ्याशी भांडतंय."

मग तिने पदराने नाक पुसलं, कमरेवर हात ठेवला आणि आईकडे वळली.

"हं वहिनी. तव्याचं काय म्हणत होतात?"